डोमेन : संगणकांच्या ओळखीची पेढी



आजचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांनी मनाशी म्हटले असेल की, हा कचेरीतल्या संगणकवाल्यांचा विषय. आपल्याला त्याचे काय? परंतु मनीषनगरात असे घर विरळा की, ज्यातला मुलगा, सून किंवा भाचा मिहानमध्ये, बँकेत, महाविद्यालयात किंवा सरकारी कचेरीत संगणकासमोर बसत नाही. सकाळी कामावर गेल्यावर तो पहिली गोष्ट करतो ती ही : पडद्यावर आपले नाव आणि पासवर्ड घालतो. दोन-चार क्षण एक चक्र फिरते आणि पडदा उघडतो. त्या दोन-चार क्षणांत कोण कोणाला काय विचारतो, आणि कोणाच्या शब्दावर पडदा उघडतो, एवढाच आजचा प्रश्न आहे. हा प्रश्न क्षुल्लक नाही. २०१७ सालच्या जूनमध्ये या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रे एका रात्रीत नाहीशी झाली आणि इकडे आपल्या न्हावाशेवा बंदराच्या दारात मालमोटारी अडून राहिल्या. ती हकीकत सांगावयाची आहेच. पण ती कळण्यासाठी आधी यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे.

घरचा संगणक घ्या. त्याच्या पोटात एक लहानशी वही असते. कोणाकोणाला आत घ्यावयाचे त्यांची नावे आणि प्रत्येकाच्या पासवर्डापासून गणिताने काढलेली एक खूण त्या वहीत लिहिलेली असते. आपण पासवर्ड घातला की संगणक तेच गणित पुन्हा करतो, वहीतल्या खुणेशी ताडून पाहतो आणि दार उघडतो. कोणाला विचारावयाचे नाही की सांगावयाचे नाही. एका घराला एवढे पुरे.

आता एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. चाळीस संगणक, म्हणजे चाळीस वह्या. एका प्राध्यापकांना कोणत्याही संगणकावर बसता यावे असे वाटत असेल तर त्यांचे नाव चाळीस ठिकाणी लिहावे लागेल. त्यांनी पासवर्ड बदलला की चाळीस ठिकाणी बदलावा लागेल. आणि एखादा कारकून नोकरी सोडून गेला तर चाळीस ठिकाणी नाव खोडावे लागेल. त्यातले एखादे राहून जाईलच, आणि नेमके तेच पुढे महागात पडेल. पतसंस्थेत असे राहिलेले नाव म्हणजे गेलेल्या माणसाच्या खिशात राहिलेली तिजोरीची किल्लीच.

यावर तोड निघाली ती अशी की, वही एकाच जागी ठेवावी आणि बाकीच्या सर्व संगणकांनी तिथे विचारावे. ज्या संगणकात ही वही असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात, आणि जेवढे संगणक त्याचा शब्द मानतात तेवढे मिळून त्याचे डोमेन झाले. डोमेन म्हणजे हद्द. पोलीस ठाण्याची हद्द असते त्याच अर्थाने. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९३ साली आपल्या विंडोज एनटी या प्रणालीबरोबर ही व्यवस्था कचेऱ्यांमध्ये आणली; २००० सालच्या विंडोज २००० पासून तिला आजचे ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ हे रूप आले. (संकेतस्थळाच्या नावालाही आपण डोमेनच म्हणतो. ती गोष्ट निराळी. मात्र कचेरीतल्या डोमेनाचे नावही त्याच धर्तीवर ठेवतात, त्यामुळे नवख्याचा घोटाळा होतो.)

संगणकाला डोमेनात घ्यावयाचे म्हणजे काय करावयाचे? वरवर पाहिले तर काम पाच मिनिटांचे. सेटिंगमध्ये जाऊन डोमेनाचे नाव घालावयाचे, ज्याला तसा अधिकार आहे त्याचे नाव-पासवर्ड द्यावयाचे, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावयाचा. बाजारातून घरगुती वापराचा संगणक स्वस्तात आणला असेल तर एवढेही होत नाही, कारण विंडोजच्या होम आवृत्तीत ही सोयच ठेवलेली नाही. प्रो किंवा तिच्यावरची आवृत्ती लागते. कित्येक लहान संस्था वीस संगणक खरेदी करून झाल्यावर हे शिकतात.

आत काय घडते ते अधिक पाहण्यासारखे आहे. प्रथम संगणकाला पेढीचा पत्ता शोधावा लागतो. हा पत्ता तो नावांच्या नोंदवहीला, म्हणजे डीएनएस सर्व्हरला, विचारतो. डोमेनात संगणक जात नाही अशी तक्रार आली की, जाणकार माणूस सर्वांत आधी हेच तपासतो. कारण पुष्कळदा संगणकाला बाहेरच्या इंटरनेट कंपनीच्या नोंदवहीचा पत्ता दिलेला असतो. आपल्या गल्लीतल्या घराचा पत्ता मुंबईच्या टपालवाल्याला विचारावा आणि त्याने मान हलवावी, तसा हा प्रकार. कचेरीच्या आतल्या यंत्रांची नावे आतल्याच नोंदवहीला ठाऊक असतात.

पत्ता सापडला आणि अधिकार पटला की, पेढीच्या वहीत एक नवे खाते उघडते. पण ते माणसाच्या नावाचे नव्हे, संगणकाच्या नावाचे. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. संगणकालाही स्वतःचा पासवर्ड असतो. तो भलामोठा लांबलचक असतो, कोणाही माणसाला माहीत नसतो, आणि नेहमीच्या नियमाप्रमाणे संगणक तो दर ३० दिवसांनी आपणहून बदलतो. म्हणजे सोयरीक जुळते ती दोन यंत्रांची. यातूनच एक चमत्कारिक अडचण उभी राहते. संगणक बिघडला म्हणून कोणी तीन महिन्यांपूर्वीची जपून ठेवलेली त्याची संपूर्ण प्रत परत बसविली, तर संगणकाला जुना पासवर्ड आठवतो आणि पेढीच्या वहीत नवा असतो. मग पडद्यावर अशा अर्थाची सूचना येते की, या यंत्राचा डोमेनाशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे. त्याला पुन्हा डोमेनात घ्यावे लागते.

डोमेनात शिरताना आणखी एक गोष्ट मुकाट्याने घडते, आणि पुढच्या हकीकतीसाठी तीच ध्यानात ठेवावयाची आहे. पेढीच्या मुख्य व्यवस्थापकांचा जो गट असतो, त्याला या संगणकाच्या आतही पूर्ण अधिकार मिळतो. घराची एक किल्ली आपोआप पेढीवर जमा होते. हजार संगणक असतील तर हजार किल्ल्या, आणि त्या सर्व दोन-चार माणसांच्या पासवर्डात.

आता रोजच्या लॉगिनकडे येऊ. पासवर्ड तारेवरून पेढीकडे पाठवावा आणि पेढीने हो म्हणावे, ही साधी रीत. पण तारेवर कोणी कान लावून बसला असेल तर पासवर्ड त्याच्या हाती लागणार. शिवाय छपाईयंत्र, दप्तराचा सर्व्हर, टपालाचा सर्व्हर, अशा प्रत्येक दारात तो पुन्हा पुन्हा सांगावा लागणार. यावर जी युक्ती आज जगभर वापरली जाते तिचा पाया १९७८ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेतील नीडहॅम आणि श्रोडर यांनी घातला. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी विद्यापीठाने १९८३ साली सुरू केलेल्या ‘अथेना’ नावाच्या प्रकल्पात तिला प्रत्यक्ष रूप आले. विद्यार्थ्याने विद्यापीठातल्या कोणत्याही संगणकावर बसावे आणि तो त्याचाच व्हावा, अशी त्या प्रकल्पाची इच्छा होती. युक्तीला नाव दिले ‘कर्बेरॉस’. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला असतो त्याचे हे नाव. विंडोजने २००० साली हीच रीत उचलली.

ती समजण्यासाठी ग्रीक कुत्र्यापेक्षा आपली हुंडी जवळची. इतवारीतला व्यापारी मुंबईला माल घ्यावयास निघाला की, रोकड कमरेला बांधून नेत नसे. आपल्या पेढीवरून हुंडी लिहून घेई. मुंबईचा सराफ त्या व्यापाऱ्याला ओळखत नसे, पण पेढीचे अक्षर आणि खूण ओळखत असे. वाटेत रोकड फिरली नाही, आणि सराफाला नागपूरला माणूस धाडून विचारण्याची गरज पडली नाही. आता रोकडीच्या जागी पासवर्ड आणि हुंडीच्या जागी तिकीट घाला. त्या रीतीत ‘तिकीट’ हाच शब्द आहे.

सकाळी आपण पासवर्ड घालतो तेव्हा संगणक त्यापासून एक किल्ली तयार करतो, त्या किल्लीने ‘आत्ता इतके वाजले आहेत’ एवढा मजकूर कुलूपबंद करतो आणि पेढीकडे पाठवितो. पेढीच्या वहीत तीच किल्ली असते. तिने कुलूप उघडले आणि आतली वेळ बरोबर निघाली की, माणूस खरा. पासवर्ड स्वतः जागचा हललाही नाही. मग पेढी एक मोठे तिकीट देते. ते तिने आपल्या स्वतःच्या गुप्त किल्लीने मोहरबंद केलेले असते. ज्याच्या हातात ते आहे त्यालाही आतला मजकूर वाचता येत नाही. सामान्यतः ते दहा तास चालते, म्हणजे कचेरीचा एक दिवस. दिवसभरात छपाई करावयाची झाली की, संगणक मोठे तिकीट पेढीला दाखवून छपाईच्या सर्व्हरसाठी लहान तिकीट मागून घेतो. हे लहान तिकीट त्या सर्व्हरच्या किल्लीने बंद केलेले असते. सर्व्हर ते उघडतो, आतले नाव वाचतो, आणि काम करून देतो. बसणाऱ्या माणसाला यातले काही दिसत नाही.

या सर्व व्यवहारात वेळेला इतके महत्त्व का, हे आता उघड होईल. कालची चोरलेली चिठ्ठी आज कोणी पुढे करू नये म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर वेळ असते, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर असले तर ठरलेल्या नियमाने तिकीट नाकारले जाते. जुन्या संगणकात घड्याळ चालते ठेवणारा गोल चपटा सेल असतो. तो संपला की, वीज गेल्याबरोबर घड्याळ कुठल्यातरी मागच्या वर्षाच्या १ जानेवारीला जाऊन बसते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली, संगणक सुरू केले, आणि अर्ध्या यंत्रांवर कोणालाच आत जाता येईना, तर विषाणूचा संशय घेण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. थोड्या पैशांच्या सेलने काम भागते.

कोणी विचारील की, पेढीशी संबंध तुटला तर घरी नेलेला लॅपटॉप कसा उघडतो? त्याचे कारण असे की, पूर्वी येऊन गेलेल्या शेवटच्या काही जणांची (विंडोजमध्ये मुळात दहा जणांची) खूण संगणक आपल्या जवळ जपून ठेवतो. म्हणूनच कचेरीत पासवर्ड बदलला तरी घरच्या लॅपटॉपला काही काळ जुनाच चालतो. ही सोय आहे. पण सर्व्हरपर्यंत जाण्याचे तिकीट तिने मिळत नाही.

इथवर सर्व गुणच गुण सांगितले. आता दुसरी बाजू.

मनीषनगरच्या लोहमार्गावरून डब्यांच्या लांबलचक मालगाड्या जाताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत; जुन्या फाटकापाशी त्यांच्यासाठी खोळंबलोही आहोत. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर हे असल्या कंटेनरांचे देशातले एक प्रमुख ठिकाण. तिथे ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ नावाचा धक्का आहे. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता २०१७ साली सांगितली जात होती. त्यात मोठा वाटा डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाचा, आणि लहान वाटा आपल्या सरकारी कॉन्कॉर कंपनीचा, जिचे नाव अजनीच्या कंटेनर डेपोमुळे आपल्या ओळखीचे आहे. मेर्स्कचा कारभार जगभर पसरलेला आणि त्याचे संगणक एका जाळ्यात गुंफलेले.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातकी प्रोग्राम बाहेर पडला. वरून तो खंडणी मागत असे, पण पैसे देऊनही काही परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. नाश हेच त्याचे काम. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि ब्रिटन यांच्या सरकारांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. लक्ष्य युक्रेन होते. मेर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत ते हिशेबाचे सॉफ्टवेअर एका संगणकावर होते. एवढ्या वाटेने आग आत शिरली.

ती पसरली कशी, यात आपला विषय आहे. प्रोग्रामापाशी दोन हत्यारे होती. एक, विंडोजमधल्या एका जुन्या फटीतून शिरण्याचे. ती फट बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. म्हणजे ज्यांनी दुरुस्ती केली होती ते या हत्याराला पुरून उरले असते. दुसरे हत्यार मात्र दुरुस्त केलेल्या संगणकांवरही चाले. संगणकावर जो कोणी लॉगिन करून गेला असेल त्याची खूण काही वेळ यंत्राच्या स्मृतीत राहते, आणि ती तिथून उपसून काढता येते. बेंजामिन देल्पी नावाच्या फ्रेंच जाणकाराने २०११ साली ‘मिमीकात्झ’ नावाचे साधन प्रसिद्ध करून हा दोष जगाला दाखवून दिला होता. नॉटपेट्याने तीच युक्ती उचलली. एका यंत्रावर कधीतरी मुख्य व्यवस्थापकाने दुरुस्तीसाठी लॉगिन केले असेल, तर त्याची खूण तिथे सापडते. आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे त्या एका नावाला डोमेनातल्या प्रत्येक यंत्राचे दार उघडे. एका ठिकाणी ओळख पटली की सर्वत्र पटते, हाच डोमेनाचा गुण. चोराच्याही तोच उपयोगी पडला. पुढचे दार फोडावेच लागले नाही. किल्ली लावली आणि ते उघडले.

न्हावाशेव्याच्या धक्क्यावरची संगणकव्यवस्था बंद पडली. कोणता कंटेनर कुठल्या रांगेत, कोणाचा, कोणत्या जहाजाचा, हे सांगणारे यंत्रच मुके झाले. काम हाताने रेटण्याची पाळी आली, मालमोटारींची गर्दी झाली, आणि काही जहाजे शेजारच्या धक्क्यांकडे वळविण्याची व्यवस्था करावी लागली. दारात मालमोटार घेऊन उभा असलेल्या ड्रायव्हरने युक्रेनचे नावही ऐकले नसेल.

मेर्स्कने इंग्लंडमधील मेडनहेड येथे तातडीचे केंद्र उघडले. बहुतेक सर्व्हरांच्या काही दिवसांपूर्वीच्या प्रती शिल्लक होत्या. नव्हती ती फक्त एका गोष्टीची : डोमेन कंट्रोलरची, म्हणजे ओळखीच्या वहीची. ‘वायर्ड’ या अमेरिकन मासिकाने २०१८ साली दिलेल्या वृत्तान्ताप्रमाणे कंपनीचे असे सुमारे १५० कंट्रोलर जगभर होते आणि ते आपापसांत वही सतत जुळवून घेत. एक बंद पडला तर दुसरा आहेच, असा हिशेब. एखाद-दुसरा मोडण्यासाठी तो हिशेब बरोबर होता. सर्वच्या सर्व एकाच वेळी पुसले गेले तर काय, हे कोणी धरले नव्हते. आणि वही नसेल तर बाकीच्या सर्व प्रती असून नसल्यासारख्या, कारण कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणाराच नाही.

शोधता शोधता आफ्रिकेतल्या घाना देशातील कचेरीत एक कंट्रोलर शाबूत सापडला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती. यंत्र जाळ्यातून तुटले होते, म्हणून वाचले. भारनियमनाचे चटके खाल्लेल्या आपल्या प्रांताला या गोष्टीचे हसू येईल. विजेच्या जाण्याने इतक्या मोठ्या कंपनीचे भले केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. पण पुढे अडचण अशी की, तिथली इंटरनेटची वाट इतकी अरुंद की ती माहिती तारेवरून पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. माणसाच्या हाती डिस्क पाठवावी तर तिथल्या कोणापाशी ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी घानाचा एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो दुसरा ती घेऊन लंडनला उतरला. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजकंपन्यांपैकी एकीचे संपूर्ण खातेपुस्तक त्या पिशवीत होते. पुढे २०१८ च्या जानेवारीत दावोस येथे कंपनीचे अध्यक्ष स्नाबे यांनी सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर असा होता.

या हकीकतीवरून कोणी म्हणेल की, तर मग चाळीस वह्याच बऱ्या. मला ते पटत नाही. चाळीस वह्यांची कचेरी रोज थोडीथोडी गळते आणि कोणाला कळतही नाही. कर्मचारी गेला तर त्याचे नाव एका क्षणात सर्वत्र बंद करण्याची सोय केवळ मध्यवर्ती वहीत आहे. अलीकडे पुष्कळ संस्था ही वही स्वतःकडे न ठेवता मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर ठेवू लागल्या आहेत. यंत्रे सांभाळण्याची जबाबदारी त्यामुळे दुसऱ्याकडे जाते. परंतु मुख्य व्यवस्थापकाचे नाव चोरीला गेले तर ती पेढीही चोराचे ऐकेलच.

लहान संस्थेने करावयाच्या गोष्टी खर्चाच्या कमी आणि शिस्तीच्या अधिक आहेत. जिला विंडोजच्या सर्व्हरचा परवाना परवडत नाही तिच्यासाठी सांबा नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. डिसेंबर २०१२ मधील त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ते संपूर्ण डोमेन कंट्रोलरचे काम करते. मात्र कंट्रोलर दोन असावेत, आणि त्या वहीची एक प्रत अशा डिस्कवर असावी की, जी प्रत घेऊन झाल्यावर जाळ्यातून काढून कपाटात ठेवली जाते. सतत जोडलेली प्रत ही आगीच्या वेळी त्याच खोलीत असलेली प्रत होय. मुख्य व्यवस्थापकाचे नाव रोजच्या कामाला वापरू नये. दुरुस्तीसाठी कारकुनाच्या संगणकावर तर त्या नावाने मुळीच बसू नये, त्यासाठी कमी अधिकाराचे दुसरे खाते असावे. प्रत्येक संगणकाच्या आतल्या स्थानिक व्यवस्थापकाचा पासवर्डही निरनिराळा हवा. सर्वत्र एकच ठेवण्याचा आळस फार आढळतो, आणि तो मोडण्याचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून फुकट दिलेले आहे.

राहिली कपाटातल्या डिस्कची गोष्ट. तिच्यावरून वही खरोखर परत उभी करता येते की नाही, हे वर्षातून एकदा एखाद्या रिकाम्या संगणकावर करून पाहावे. त्या कामासाठी एक निराळा पासवर्ड लागतो, कंट्रोलर बसविताना घातलेला. तो बसविणाऱ्या माणसाच्या डोक्यात असून चालत नाही, कारण तो माणूस पुढे पुण्याला जातो. कागदावर लिहून, पाकिटात घालून, सचिवांच्या सहीने ते पाकीट तिजोरीत ठेवावे.